वाचलेला पट्टा

भोपाळहून परत आल्यापासून जो तो मला तळ्यांबद्दल विचारतो. तळी पाहिली. संध्याकाळी छान दिसतात, काठावर उकडलेले शिंगाडे मिळतात, गार वारा सुटतो. पण रंकाळ्याकाठी वाढलेल्या बाईला तळ्याचं कौतुक ते किती असणार? मला सांगायचं आहे ते जंगलाच्या एका पट्ट्याबद्दल आणि त्यात राहणाऱ्या रामकली नावाच्या बाईबद्दल. ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही, आणि सांगून पडेल अशीही खात्री नाही.

पिपलानी

माझी थोरली बहीण, शोभाताई, लग्न होऊन भोपाळला गेली ती तिथलीच झाली. तिचे यजमान मूळचे वर्ध्याकडचे. डिप्लोमा करून तिथल्या मोठ्या सरकारी कारखान्यात लागले आणि आता त्या महिनाअखेर निवृत्त व्हायचे होते. ताईचा फोन आला, "क्वार्टर सोडतोय आम्ही. शेवटचं येऊन जा." शेवटचं म्हटल्यावर मी आधी दोघांच्या तब्येती विचारल्या. तर म्हणे, क्वार्टरचं शेवटचं.

पिपलानी म्हणजे कारखान्याच्या वसाहतीचा एक भाग. रस्ते रुंद, झाडं जुनी, प्रत्येक क्वार्टरपुढे बाग. सकाळी न्याहारीला पोह्यांवर शेव आणि शेजारी जिलबी आली. पोह्यांबरोबर जिलबी खाणाऱ्या माणसांशी नातं ठेवावं की नाही, असा मला पूर्वीपासून प्रश्न आहे. भाऊजींनी माझ्या ताटलीतली जिलबीही उचलली.

खाऊन झाल्यावर ताई मला मागच्या ओळीत फिरायला घेऊन गेली. नसती नेली तर बरं झालं असतं. तिथली क्वार्टर्स रिकामी आहेत. दारं-खिडक्या कोणीतरी काढून नेल्या आहेत, भिंतीतून पिंपळ आलेत, आणि घाणेरी थेट खिडकीच्या वर चढली आहे. एका घराच्या मोरीत आवळ्याचं झाड उगवलं होतं. ताई ओळीनं सांगत होती, "हे कुलकर्ण्यांचं. हे नायरांचं, यांच्याकडे पहिला रंगीत टीव्ही आला. इथे आपला गणपती बसायचा." गणपती बसायचा तिथे एक मुंगूस उभं राहून आमच्याकडे बघत होतं.

मागून आलेले भाऊजी म्हणाले, "पाहून घे नंदा. सोडून दिलं की जंगल आपोआप वापस येते. लावावं नाही लागत."

"माणसं गेली की येतं, असं म्हणा," ताई म्हणाली.

भाऊजींना जंगलाचं वेड आहे. दर रविवारी कारखान्यातले दोघेतिघे मिळून भोपाळभोवतीच्या टेकड्यांत फिरतात. झाडांची नावं त्यांना पाठ, पण घरात मीठ कुठल्या डब्यात असतं हे माहीत नाही. दुसरा अभिमान हिंदीचा. "माझी हिंदी ऐकून भोपाळवाल्यालाही कळत नाही मी मराठी आहे म्हणून," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून लग्नापासून ऐकते आहे. यावर ताई फक्त माझ्याकडे बघते.

कोलार रोड

दुपारी त्यांचा नवा फ्लॅट बघायला गेलो. कोलार रोडला आता जिकडे बघावं तिकडे इमारतीच आहेत, आणि प्रत्येक कॉलनीच्या नावात कुठलं तरी झाड किंवा डोंगर आहे. ताईच्या फ्लॅटची बाल्कनी मागच्या टेकड्यांकडे उघडते. मागच्या हिवाळ्यात कुंपणाच्या भिंतीलगत वाघ चालत गेल्याचं तिथला वॉचमन सांगत होता. सांगताना घाबरलेला काही दिसला नाही. इमारतीत लिफ्ट आहे हे सांगावं तशा सुरात तो सांगत होता.

भाऊजींनी बाल्कनीच्या कठड्यावर बोटानं नकाशा काढला. शहराला लागून केरवा-कलियासोतच्या टेकड्या, आणि दक्षिणेला रातापानीचं अभयारण्य. वाघ दोन्हीकडे असतात. पिल्लं मोठी झाली की त्यांना नवी जागा शोधत एकीकडून दुसरीकडे जावं लागतं, आणि मधे आता वसाहती, रस्ते, शेतं, खाणी. जाण्याजोगे उरलेत ते जंगलाचे दोनतीन अरुंद पट्टे. ते तुटले की दोन्हीकडची जनावरं कोंडली. "वाट आपणच अडवली आहे," ते म्हणाले. "ही बिल्डिंग पण वाटेतच आहे." हे हसत म्हणायला गेले आणि अर्ध्यावर त्यांचं हसू गेलं. ताई पडद्यासाठी खिडकीची मापं घेत होती.

पण त्यांच्याकडे एक आनंदाची बातमी होती. त्यांचा सगळ्यात लाडका पट्टा मिसरोदच्या पुढे, एका नाल्याकाठचा. तिथे दगडाची खाण होणार असं दोन वर्षं कानावर येत होतं. आता ओळखीच्या एका अधिकाऱ्यानं सांगितलं होतं की खाण रद्द झाली. "पट्टा वाचला," ते आल्यागेल्याला सांगत होते. दूधवाल्यालाही सांगितलं. निवृत्तीच्या तोंडावर माणसाला दुसरं काही नाही तर एवढा तरी आनंद मिळाला, म्हणून मलाही बरं वाटलं.

मिसरोदच्या पुढे

दुसऱ्या दिवशी त्यांच्या मित्राची जीप मिळाली. थंडी चांगलीच होती. भाऊजींनी कारखान्याचं खाकी जाकीट घातलं, डोक्यावर टोपी. मिसरोद मागे टाकून मी आणि ते होशंगाबाद रोडवरून एका कच्च्या वाटेला लागलो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पाचसहा घरांचीच वस्ती होती ती, अभयारण्याच्या हद्दीला लागून.

मला जंगल म्हटलं की राधानगरी आठवते. ओलं, काळोखं, पायाला जळू लागणारं. इथलं जंगल कोरडं. जानेवारीत सागाची मोठमोठी पानं खाली पडलेली, पाऊल टाकलं की पापड मोडल्यासारखा आवाज. साग, धावडा, ऐन, तेंदू, मधेच पांढऱ्या खोडाची सालई. भाऊजी म्हणाले, त्यांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा इथे नुसती तोडलेल्या सागाची खुंटं आणि धूळ होती, गुरं चरून गवताची काडी उरत नव्हती. मग लोकांनी गुरं विकली, पोरं मंडीदीपच्या कारखान्यांत कामाला लागली, आणि खुंटांना फुटवे आले. एकेका खुंटातून चारचार साग वर गेलेले मी पाहिले. नाल्याच्या ओल्या वाळूत वाघाचं पाऊल होतं, माझ्या तळहाताहून मोठं. मी त्याच्याजवळ बसून राहिले. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी हे जंगल वाचावं, यापलीकडे मला जगात दुसरं काही नको होतं.

नाल्याच्या वर रामकलीचं घर. बाई पन्नाशीची, हातावर गोंदण, बोलणं हळू. आम्हाला पाहून ती लगबगीनं खाट घेऊन आली. "बैठो साब." आतून चहा आणला, बकरीच्या दुधाचा. मला बकरीचं दूध जात नाही, पण प्यायले.

तिनं आपणहून सांगितलं. वस्तीतले सगळे कल-परसों में जाणार होते, अभयारण्यालगतची वस्ती हलवायची म्हणून सरकारनं दिलेल्या नव्या जागेवर, मोठ्या रस्त्याच्या कडेला. तिचा भाऊही निघाला होता. भावाच्या जागेला लागून तिलाही एक जागा ठेवली होती. ती अजून हो म्हणाली नव्हती. नवऱ्याला जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यानं स्वतः फोडलेलं शेत घराच्या मागे होतं, शेताच्या पलीकडे जंगल. मूलबाळ नव्हतं. भावाशिवाय दुसरं कोणी नव्हतं.

"आपको तो ऊपर की खबर रहती होगी," ती भाऊजींना म्हणाली. तिनं मागे हात केला, शेताकडे आणि त्यामागच्या झाडांकडे. "इसका क्या होगा, साब?"

भाऊजींचा चेहरा उजळला. त्यांना हाच प्रश्न हवा होता. "बाई, फिकर मत करो," ते म्हणाले. "ये पट्टा तो बच गया. ऊपर से पक्का हो गया है. अब कोई हाथ नहीं लगाएगा."

"पक्का?"

"एकदम पक्का."

रामकलीच्या डोळ्यांतून पाणीच आलं. तिनं पदरानं तोंड झाकलं, मग आत जाऊन गुळाचा खडा घेऊन आली आणि भाऊजींच्या हातावर ठेवला. "मुँह मीठा करो, साब." मलाही दिला. संक्रांत दोनच दिवसांपूर्वी झाली होती. भाऊजी मला म्हणाले, "बघ, इथे पण तिळगुळाची पद्धत आहे," आणि तिला "मीठा खाओ, मीठा बोलो" असं काहीतरी भाषांतर करून ऐकवलं. निघताना तिनं छपरावरचा सगळ्यात मोठा भोपळा उतरवून जीपमध्ये ठेवला आणि वाकून भाऊजींच्या पाया पडली. ते संकोचून मागे सरले.

परतीच्या वाटेवर भाऊजी तिच्याबद्दलच बोलत होते. "या लोकांना जंगलाची किती माया असते, पाह्य नंदा. आपण उगाच म्हणतो की हे तोडतात." मला ती बाई एवढी का रडली ते कळलं नव्हतं. पण रडणं खरं होतं, म्हणून मी काही विचारलं नाही.

पुन्हा पिपलानी

संध्याकाळी ताई भोपळा चिरायला बसली. भोपाळचा भोपळा म्हणून आम्ही हसत होतो. ताई म्हणाली, "एवढा मोठा कशाला दिला तिनं? पूर्ण उन्हाळा निघाला असता तिचा यावर."

मी सगळं सांगितलं. गूळ, टिपं, पाया पडणं. ताईचा विळीवरचा हात थांबला.

"अहो," तिनं बाहेरच्या खोलीत हाक मारली, "तुम्ही तिला काय म्हणालात? जसंच्या तसं सांगा."

भाऊजी दारात येऊन उभे राहिले. "म्हणालो, ये पट्टा बच गया. काहून?"

"पट्टा म्हणालात?"

"मग काय म्हणणार? जंगलाचा पट्टा."

"तो मराठीत," ताई म्हणाली. "इथे पट्टा म्हणजे जमिनीचा कागद. सरकार देतं तो. आपल्या कामवाल्या मुन्नीबाईला बस्तीतल्या जागेचा पट्टा मिळाला तेव्हा तिनं मला असाच गूळ आणून दिला होता. तुम्ही घरीच होतात."

कारखान्यात पट्टा म्हणजे यंत्राचा पट्टा, घरात पट्टा म्हणजे कमरेचा, रविवारी पट्टा म्हणजे जंगलाचा. नोकरीची सगळी वर्षं हा शब्द भाऊजींनी रोज वापरला आणि त्यांना कोणी अडवलं नाही. आता त्यांना आपलं सरकारी माणसासारखं खाकी जाकीट आठवलं असावं, कारण खुंटीवर ते टांगलं होतं तिकडे ते बघत राहिले. त्या बाईनं शेताकडे हात केला होता. यांनी शेताच्या मागे पाहिलं.

"ती जाणार नाही आता भावाबरोबर," मी म्हणाले.

"सकाळी जातो," भाऊजी म्हणाले. भोपळ्याची भाजी झाली, पण कोणी नीट जेवलं नाही.

वस्ती

जीप मिळाली नाही, म्हणून स्कूटरवर निघालो. ताई दारापर्यंत आली. "नंदा, तू बोल तिच्याशी. यांना बोलू देऊ नको, नाहीतर आणखी काहीतरी वाचवून येतील." एरवी असं बोलल्यावर भाऊजी उलटून काहीतरी म्हणाले असते. आज त्यांनी नुसती किक मारली. मिसरोदच्या अलीकडे चाक पंक्चर झालं. पंक्चरवाला निवांत माणूस होता, ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत आम्हाला भोपाळच्या थंडीबद्दल सांगत होता. मला त्याच्या हातातून ट्यूब ओढून घ्यावीशी वाटत होती.

कच्च्या वाटेवर ट्रॅक्टरच्या चाकांच्या ताज्या खुणा दिसल्या. तेव्हाच मला कळलं.

वस्ती उघडी पडली होती. लोकांनी छपरांची कौलं उतरवून नेली होती, दाराच्या चौकटीसुद्धा काढून नेल्या होत्या. पिपलानीच्या मागच्या ओळीसारखंच सगळं, फक्त इथे पिंपळ यायला अजून वेळ होता. एका चुलीत निखारे होते. एक कोंबडी मागे राहिली होती, ती एकदा या घरात जाई, एकदा त्या घरात.

रामकलीच्या घराला छप्पर होतं. ती बाहेरच होती, बादलीत पांढरी माती कालवून पुढची भिंत सारवत होती. अर्धी भिंत ओली पांढरी झाली होती. आम्हाला पाहून ती हसली, हात तसेच मातीचे ठेवून म्हणाली, "आओ साब. सब चले गए सवेरे. मैंने सोचा अब पक्का अपना है तो ठीक से पोत दूँ."

भाऊजींनी जाकीट काढून स्कूटरवर टाकलं. मला बोलायला सांगितलं होतं, पण ते थांबलेच नाहीत. बोलायला लागले आणि त्यांची ती प्रसिद्ध हिंदी अडखळू लागली. खाण, अधिकारी, गलतफहमी, माफी. रामकलीला काही उमगेना. ती "हओ, हओ" करत होती. शेवटी मी पुढे झाले आणि माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं. "बाई, पट्टा नहीं मिला. ये दफ्तर के आदमी नहीं हैं. हमारी बोली में जंगल को पट्टा बोलते हैं."

हे तिला कळलं. तिच्या हातातलं पोतेरं बादलीत गेलं.

"तुमची जागा?" मी विचारलं. मराठीतच विचारलं, हे नंतर लक्षात आलं. "भाई के बाजू वाली?"

"वो तो भाई के छोटे लड़के के नाम करा दी. सवेरे अँगूठा लगा दिया." मग थांबून म्हणाली, "भाई गुस्सा होके गया. बोला, तेरे को पट्टा मिल गया तो तू भाई को भूल गई."

भाऊजी म्हणाले, मी अधिकाऱ्यांना भेटतो, आजच भेटतो, सगळं समजावून सांगतो. (ते भेटलेही. नंतर ताईनं फोनवर सांगितलं की रोज जातात. तिथले लोक बसवतात, चहा देतात, पण वाटून झालेल्या जागांमध्ये आता काही करता येत नाही असं सांगतात. आणि ती आता जंगलाच्या कडेला एकटीच उरली आहे, तिथे कागद मिळण्याची आशा आणखीच कमी.) मला त्या उन्हात उभं राहवेना. मला भाऊजींचा राग आला होता आणि त्यांची दयाही येत होती, आणि दोन्ही कुठे ठेवावं ते समजत नव्हतं.

रामकलीनं मातीचे हात पदराला पुसले. मग तिनं भाऊजींना विचारलं, रागानं नाही, खरोखरच जाणून घ्यायचं असावं तसं.

"तो बचा क्या, साब?"

भाऊजींनी काल तिनं केला होता तसाच हात केला. शेताच्या मागे, नाल्याकडे, खुंटांतून वर आलेल्या सागांकडे. "ये," ते म्हणाले. "जंगल."

तिनं मान वळवून तिकडे पाहिलं. झाडांवर ऊन आलं होतं.

"अच्छा," ती म्हणाली. "तो पट्टा इसको मिला."

भाऊजी खाटेवर बसले. तिनं बादलीतलं पोतेरं पिळून वर काढलं. मी म्हणाले, "बाई, आता राहू दे ना." तिनं माझ्याकडे न बघता सांगितलं, "आधी दीवार रह गई है," आणि उरलेली भिंत सारवायला घेतली.